झोक्यावरची ओवी

डोंगरापलीकडच्या एका गावात विदुला बऱ्याच वर्षांनी परत आली. दूरच्या विद्यापीठात ती काव्य आणि नाट्य शिकली होती. तिथे तिला रोज गावाची आठवण यायची. आपण परत जाऊ, देवळाच्या ओसरीवर बसू, उपमा काय आणि रूपक काय ते सांगू, आणि सारा गाव तहानल्यासारखा ऐकेल, असे तिला वाटले होते. प्रत्यक्षात ओसरीवर दोन म्हातारे पेंगत होते. त्यांतला एक म्हणाला, "पोरी, उपमा शिकल्यावर म्हैस जास्त दूध देते का गं?"

विदुला हिरमुसली. पण नागपंचमी जवळ आली होती, आणि तिची आशा त्या दिवसावर होती.

त्या गावात एक रीत होती. पंचमीला बायका वडाला झोका बांधत. झोक्यावर बसलेलीने स्वतः रचलेली ओवी म्हणायची. घरात जे बोलता येत नाही ते झोक्यावर बोलता येई, आणि त्याचा राग कोणी धरायचा नाही. मग तिच्या घरातल्या बाईने झोक्यावर बसून उत्तराची ओवी म्हणायची. उत्तरात जो शब्द दिला जाई, तो त्या घराने पाळायचा.

विदुलाची वहिनी मंजुळा लग्न झाल्यापासून माहेरी गेली नव्हती. पेरणी होऊ दे, कापणी होऊ दे, असे सासूबाई म्हणत आणि वर्ष सरून जाई. नदीपलीकडे तिची आई थकत चालली होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

मंजुळाचा झोका उंच गेला. ती म्हणाली,

वेल आणली अंगणी,
मूळ राहिलं गं रानी,
घागर घागर पाणी
वेलीला पुरेना.

सासूबाई घरीच राहिल्या होत्या, म्हणून उत्तर विदुलाने द्यायचे होते. सगळ्या बायकांनी तिच्याकडे पाहिले. विदुलाचे डोळे चमकले. ती झोक्यावर चढली.

"वा, वहिनी! बायांनो, ही वेल खरी वेल नव्हे. हे रूपक आहे! बाईला वेल म्हटलंय, पण 'सारखी' हा शब्द कुठे आलाय का? आणि तीन ओळींना यमक, चौथी मोकळी! तसंच 'घागर घागर' मध्ये..."

"अगं, ओवी म्हण, ओवी!" पारूआत्या ओरडली. "झोक्यावर बसून पुराण काय सांगतेस?"

सगळ्या हसल्या. मंजुळाही हसली. तोवर शेजारची सून दोर धरून उभी राहिली होती. विदुलाची पाळी सरली.

दिवेलागणीला विदुला परसात गेली. मंजुळा नदीकडे तोंड करून उभी होती.

"वहिनी, ती ओवी पुन्हा म्हणा ना. ओसरीवर मुलांना शिकवायची आहे."

"शिकवा की, वन्सं. मला आता तिचा काय उपयोग?"

विदुला थबकली. विद्यापीठात एकदा तिने स्वतःची कविता आचार्यांना ऐकवली होती. कळपातून चुकलेल्या वासराची. आचार्य म्हणाले होते, "प्रतिमा चांगली साधली आहे." पुढे त्यांनी काही विचारले नव्हते. त्या दिवशी तिला घरची फार ओढ लागली होती, आणि कोणी नुसते "आठवण येते का?" म्हटले असते तरी पुरे होते. आज मंजुळा तेच सांगत होती, आणि आपण आचार्यांसारखे वागलो.

सकाळी ती चुलीपाशी आईजवळ जाऊन बसली.

"आई, वहिनीला माहेरी जायचंय. दादाला आज गाडी जुंपायला सांग."

"ती कधी म्हणाली?"

"काल. सगळ्या बायकांसमोर."

"मग काल उत्तर का नाही दिलंस? पंचमी गेली आता. कापणीनंतर बघू. पाणी कोण भरेल? गोठा कोण बघेल?"

"मी. ती येईपर्यंत ओसरीवरचं शिकवणं राहू दे."

"तुला शेण तरी काढता येतं का?"

"शिकेन," विदुला म्हणाली आणि पदर खोचून गोठ्याकडे गेली.

 भाकऱ्या संपत आल्या तेव्हा आईने आणखी पीठ मळायला घेतले. मंजुळाला वाटेत खायला बांधून द्यायला.

तात्पर्य: अलंकार ओळखून थांबू नये. त्याच्याआडून माणूस काय मागतो आहे ते ऐकावे, आणि त्याला उत्तर द्यावे.