शेल्याच्या चिंध्या

कारवीच्या घाटात फाट्याफाट्यावर झाडांना चिंध्या बांधलेल्या असत. घाट चढणारा माणूस अंगावरच्या वस्त्राची एक चिंधी देवीच्या नावाने बांधायचा, आणि मागून येणाऱ्याला वाट कळायची. सरदार रंभाजीरावांना ती घाण वाटली. त्यांनी शिपाई पाठवून सगळ्या चिंध्या जाळवल्या.

वर्षभराने शिकारीत मागे राहून तेच रंभाजीराव धुक्यात हरवले. पुढे वाट आहे की दरी, काही कळेना. तेवढ्यात ठकू नावाची म्हातारी धनगरीण मेंढ्या घेऊन आली.

"ए म्हातारे, मला खाली गावात पोचव," सरदार गुरकावले.

"पोचवते की. पर फाट्याफाट्याला चिंधी बांधावी लागंल. देवीचा रिवाज हाय."

"मग फाड तुझं लुगडं."

"मी कुठं हरवले, सरकार? जो हरवला त्येचंच वस्त्र लागतं."

सरदारांनी खांद्यावरचा जरीचा शेला काढला. अकरा फाट्यांवर अकरा चिंध्या बांधल्या, तेव्हा कुठे गाव दिसलं. शेल्याचा धागाही उरला नव्हता.

"तुला तर वाट पाठ होती," सरदार चिडून म्हणाले. "मग माझा शेला का फाडायला लावलास?"

"मला पाठ हाय. माझ्या जावयाला नव्हती. गेल्या पावसात पहिल्यांदाच घाट चढत हुता. चिंधी दिसली न्हाई, कड्यावरून गेला. आमच्या चिंध्या तुमच्या शिपायांनी जाळल्या. आता सरकारच्या शेल्याला कोण काडी लावतंय, बघते."