तान्हूबाईच्या सुरीला धार लागली, त्याची गोष्ट

पांगरवाडीच्या वरच्या अंगाला डोंगरातून एक झरा येतो. उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही. त्या झऱ्याकाठी एका सपाट खडकावर महाराज येऊन बसले, ते तिथलेच झाले. कुठून आले, नाव काय, कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गाव त्यांना झरेकर महाराज म्हणायला लागलं. अंगावर एक घोंगडी, पुढ्यात तांब्या. बस्स!

त्याच झऱ्यावर रोज सकाळी तान्हूबाई शिकलगार आपला धारेचा दगड भिजवायला यायची. नवरा वारला तेव्हा तिच्याजवळ राहिलं काय, तर हा दगड आणि हातातलं कसब. विळा म्हणा, कोयता म्हणा, न्हाव्याचा वस्तरा म्हणा, पातं नखावर टेकवून ती सांगायची, कुठं बोथट आहे ते. बाईमाणसानं हत्यार घासायचं म्हटल्यावर गाव आधी नाकं मुरडायचं. पण धार तिच्यासारखी दुसऱ्या कुणाला जमायची नाही, मग काय करता!

एके दिवशी महाराजांनी झऱ्याच्या गाळातून एक लोखंडाचा तुकडा काढला. वीतभर, गंजून खपल्या सुटलेला. तो तिच्या पदरात टाकला.

महाराज म्हणाले, "तान्हे, याला धार लाव."

तिनं तो दगडावर आपटून बघितला. आवाज बद्द आला. म्हणाली, "महाराज, हे मऊ लोखंड आहे. पोलाद नाही यात. जल्मभर घासलं तरी धार धरायचं नाही."

"कशाचं आहे ते मी विचारलं का तुला?"

"नाही."

"मग घास."

"कुठवर?"

महाराज म्हणाले, "लागेपर्यंत. हात थांबवू नकोस."

झालं! बाई पण अशी हट्टी की विचारू नका. रोजचं काम आटपलं की तो तुकडा घेऊन बसायची. गंज गेला, पातं दिसायला लागलं. बाभळीची मूठ बसवली. अकरा महिने रोज घासली ती सुरी. पार केळीच्या पानासारखी पातळ झाली. पण कापायचं नाव नाही! कोथिंबिरीच्या काडीवर फिरवली तर काडी नुसती वाकायची.

पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "काय गं तान्हूबाई, लोणी तरी कापतं का तुझ्या सुरीनं?"

"उन्हाळ्यातलं कापतं," ही म्हणायची, आणि परत घासायला बसायची.

गावात सगळ्यात जास्त हसायचे ते रंगराव इनामदार. त्यांना पात्यांचा भारी नाद. सत्तावीस नग होते त्यांच्याकडे. कट्यारी, जंबिये, शिकारीच्या सुऱ्या. कुठल्या कुठल्या लोहारांकडे माणूस पाठवून, मूठ कशी हवी ते सांगून घडवून घेतलेल्या. कुणाला हरणाच्या शिंगाची मूठ, कुणाला हस्तिदंताची. आणि प्रत्येकीला चामड्याचं म्यान, त्यावर जरीची वेलबुट्टी. दिसायला काय सांगू, एक नंबर! पण कामाला एकही लागत नव्हती. दसऱ्याला कमरेला लावायच्या, मिरवायच्या, परत पेटीत.

त्या साली पाऊस फार झाला. तान्हूबाई आपण होऊन त्यांच्या ओसरीवर गेली.

म्हणाली, "सरकार, पावसाळाभर पाती म्यानातून काढून ठेवा. कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचं बोट फिरवा. चामडं पाणी पितं आणि पोलादाला पाजतं. म्यान मिरवायला असतं, झोपायला नव्हे."

इनामदार खदाखदा हसले. "अगं, माझी पाती केस उभा चिरतात. तू मला शिकवणार? जिची सुरी कोथिंबिरीला हात जोडते, ती?"

ओसरीवरची माणसं हसली. तान्हूबाई म्हणाली, "माझ्या सुरीचं महाराज बघतील."

"तुझे ते झऱ्यावरचे महाराज? बरं, मग बघूच. दसऱ्याला सीमेवर सगळं गाव जमेल. तिथं त्या लोखंडानं एक दोरा कापून दाखव. नाही कापला, तर तो दगड झऱ्यात टाकायचा आणि पुन्हा कुणाच्या पात्याला हात लावायचा नाही. आहे कबूल?"

दगड गेला तर पोट गेलं. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण बाई म्हणाली, "आहे कबूल."

झऱ्यावर येऊन तिनं सगळं सांगितलं. वाटलं होतं महाराज काहीतरी बोलतील, अंगारा देतील. महाराज एवढंच म्हणाले, "घासलीस का आज?"

ती दगड मांडून बसली.

दसरा उजाडला. पांगरवाडीची एक रीत आहे मंडळी, अजून पाळतात. त्या दिवशी घरातलं हत्यार पाटावर पूजेला बसतं, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. विळा नाही, कोयता नाही, खिशातला चाकूसुद्धा नाही. पाती होती ती फक्त इनामदारांच्या कमरेची तीन, आणि परीक्षेला आणलेली तान्हूबाईची सुरी.

इनामदार घोडीवर पुढं, गाव मागं. सीमेचा ओढा आला. वर डोंगरात पाऊस झालेला, पाणी गढूळ आणि जोरात. लोक म्हणाले, "सरकार, उतरा." पण मिरवणारा माणूस उतरतो होय! घोडी घातली पाण्यात. मध्यावर तिचा पाय शेवाळावरून सटकला आणि ती धाडकन पडली, दोन धोंड्यांच्या मधोमध. इनामदार खाली. रिकिबीचा चामडी पट्टा घोट्याला पिळा घालून बसला. घोडी उठायला धडपडली की पट्टा ओढला जायचा, आणि धनी पाण्याखाली!

डोकं वर आलं तसं त्यांनी कमरेची कट्यार उपसली. उपसली कसली, हलेचना! म्यानातच गंजून बसलेली. जंबिया ओढला, तोही गच्च. तिसऱ्या सुरीला सगळा जोर लावला, तर हस्तिदंताची मूठ हातात आली आणि पातं आतच राहिलं.

"अरे, कुणाकडं काही आहे का!" काठावर एकच ओरडा. आणि सगळं गाव रिकाम्या हातांनी एकमेकांकडं बघतंय. दोघं गडी उतरले, घोडीच्या लाथा बघून मागं सरले.

तान्हूबाईनं पदर खोचला.

कुणीतरी ओरडलं, "अगं, ती सुरी कापत नाही! मरशील!"

"न कापायला काय झालं," म्हणाली, आणि छातीभर पाण्यात शिरली.

घोडीच्या पाठीकडून गेली, लाथ लागणार नाही अशी. पट्टा हाताला लागला. बोटभर जाड, भिजून ताठलेला. सुरी ओढली. सरकन घसरली, नुसता ओरखडा. परत ओढली, परत घसरली. इनामदार तिसऱ्यांदा खाली गेले, ते वर येईनात.

तिच्या कानात महाराजांचे शब्द आले, लागेपर्यंत. हात थांबवू नकोस. मग ती कापायचं विसरली. रोज दगडावर घासायची तशीच पट्ट्यावर घासायला लागली. एका कोनात, एका लयीत. ओठांवर महाराजांचं नाव. एक, दोन, तीन... आणि मंडळी, पाचव्या खेपेला पात्याखाली चामडं कर्रकन उघडलं! बोटभर पट्टा असा सुटला, जणू पिकली काकडी. घोडी उसळून निघाली. तान्हूबाईनं इनामदारांना शेंडीला धरून वर ओढलं.

काठावर पालथं घातलं, पाणी काढलं. शुद्धीवर आले, तेव्हा पहिल्यांदा त्यांना दिसली ती बाभळीच्या मुठीची सुरी. लोकांच्या आधारानं उठले आणि तसेच ओलेत्यानं झऱ्याकडं डोंगर चढायला लागले. गाव मागोमाग.

झऱ्याजवळ देवळातला सदाशिव गुरव, महाराजांपाशी मागं राहिलेला, घाबरा होऊन उभा. म्हणाला, "बरं झालं आलात. महाराज मघाशी एकाएकी खडकावर उघडा तळहात घासायला लागले. थांबेचनात. विचारलं, तर म्हणाले, तिकडे माझ्या पोरीची धार अडलीय."

सगळ्यांनी बघितलं. धार लावताना दगडावर जो काळा चिखल सुटतो ना, तो महाराजांच्या तळहातावर ओला होता. लोखंडाचा वास येत होता त्याला!

तान्हूबाईला रडू फुटलं. "महाराज, मला वाटलं मी एकटीच घासतेय."

महाराज म्हणाले, "अकरा महिने तू घासत होतीस, तेव्हा मी काय नुसता बसून होतो?"

तिनं गवताचं एक पातं तोडलं, आणि कोथिंबिरीच्या काडीवर फिरवायची तशी सुरी त्यावर फिरवली. गवत वाकलं. कापलं नाही! महाराज हसले. "जे कापायचं होतं ते कापून झालं. दे ती झऱ्यात टाकून. दगड मात्र सांभाळ."

इनामदार पुढं आले. कमरेची तिन्ही म्यानं त्यांनी खडकावर ठेवली, आणि महाराजांच्या पायावर डोकं टेकलं. "माझंही पातं आत गंजलंय, महाराज."

महाराज म्हणाले, "मग मला कशाला सांगतोस? शिकलगारीण तिथं उभी आहे."

रंगराव इनामदार गुडघ्यावर वळले आणि सगळ्या गावासमोर तान्हूबाईच्या ओल्या पावलांवर वाकले. ती बिचारी मागं सरायला लागली, तर महाराजांनी तिला नजरेनंच थांबवलं. मग आपला काळा अंगठा इनामदारांच्या कपाळाला लावला, गंध लावतात तसा.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस म्यानं तान्हूबाईच्या दारात उन्हाला पडली होती. दगडासमोर इनामदार बसले होते, बाह्या वर करून. कपाळाचा काळा टिळा त्यांनी पुसला नव्हता.

"कोन धरा, सरकार," तान्हूबाई म्हणत होती. "आणि हात थांबवू नका."

झरेकर महाराजांचं स्मरण असो, आणि आपला हात न थांबो!