ठकूचा विस्तव

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा आमच्या पांगरसोंडला यायला घाटातली पायवाट तेवढी होती, आणि काडेपेटी ही बाजारातून आलीच तर देवाच्या कोनाड्यात जपून ठेवायची वस्तू होती. आता तुम्ही खटका फिरवता आणि गॅस पेटतो, त्यामुळे तुम्हाला खरं वाटणार नाही; पण तेव्हा विस्तव मागून आणायचा असायचा.

रात्री जेवणं उरकली की बाया चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवायच्या. सकाळी राख सारली की खाली एखादा निखारा जागा असायचा. ज्या घरचा विझला, त्या घरची बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायची. शेजारीण त्यावर निखारा ठेवायची आणि ही फुंकर घालत घालत घरी यायची. येता-जाता सुनांच्या कागाळ्या आणि सासवांची गाऱ्हाणी उरकून घ्यायची. जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी माणुसकी होती. माणुसकी कसली डोंबलाची? घरात विस्तव नव्हता, म्हणून दुसऱ्याचं दार झिजवावं लागायचं, इतकंच.

विस्तवाला कुणी नाही म्हणायचं नाही, अशी रीत होती. एकच घर त्याला अपवाद. ज्या घरात मयत झालं, तिथं सुतक फिटेपर्यंत चूल पेटायची नाही आणि तिथला विस्तव कुणी उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. सुतकातला विस्तव ज्या चुलीत जाईल, त्या घरात मरण जाईल, असं सगळे मानायचे.

त्या वेळी वरच्या आळीत ठकू नावाची बाई राहायची. नवरा रावजी आणि ती, दोघंच. पोटी मूलबाळ नाही. ठकू सासरी निघाली तेव्हा तिच्या आईनं माहेरच्या चुलीतला निखारा खापरात घालून तिच्यासोबत दिला होता, आणि त्या दिवसापासून तिची चूल कधी विझली नाही, असं म्हणतात. माहेरी पुढं कुणी उरलं नाही. पण चूल होती, म्हणून ठकूला माहेर संपल्यासारखं वाटत नसे.

एका साली श्रावणात झड लागली ती उघडेचना. भिंती पाझरल्या, छपरं गळली, सरपण भिजलं. ओढा असा फुगला की पलीकडच्या गावापर्यंत हाकसुद्धा पोचेना. देवाच्या कोनाड्यातल्या काड्या सादळून निकामी झाल्या. खालच्या आळीतल्या चुली एकेक करून विझल्या, मग मधल्या आळीतल्या. साऱ्या गावात पेटती राहिली ती ठकूची चूल. लोक इरली पांघरून, खापरं झाकून चिखलातून वर यायचे आणि विस्तव न्यायचे. पोचेपर्यंत कुणाचा विझायचा, मग तो माणूस परत यायचा. ठकू कुणावर वैतागली नाही.

देवळाचा पुजारी केरबा गुरव तर सकाळ-संध्याकाळ यायचा. त्याची सून अनसा नुकतीच बाळंत झाली होती. पोर दिवस भरायच्या आधीच आलेलं, मुठीएवढं. खाटेखाली शेगडी पेटती असली तरच ते अंगात ऊब धरायचं. केरबा निखारे न्यायचा; आधी देवापुढचा दिवा लावायचा आणि मग शेगडी भरायचा.

आणि इकडं ठकूच्या घरात रावजी तापानं पडला होता. भर झडीत, एका पहाटे तो गेला.

ठकू त्याच्या उशाशी बसून राहिली. हंबरडा फोडावा तर आळी गोळा होणार. आळी गोळा झाली की चूल विझवावी लागणार. आपली चूल विझली की गावात विस्तव नाही, आणि विस्तव नाही म्हणजे अनसाचं पोर नाही, हे तिला उघड दिसत होतं. तेवढ्यात दारात केरबाची हाक आली. ठकू उठली. तिनं रावजीच्या अंगावर घोंगडी ओढली, कपाळाचं कुंकू नीट केलं आणि भरल्या हातांनी निखारे काढून दिले. रावजी कसा आहे, असं केरबानं विचारलं. निजलाय, असं तिनं सांगितलं.

त्यानंतर दोन दिवस, झड उघडेपर्यंत, ती तशीच राहिली. आतल्या खोलीत नवरा, बाहेर चूल, आणि दारात लोकांची रांग. ती चुलीपुढं बसून बिनआवाजी रडायची आणि तिची आसवं निखाऱ्यावर पडली की निखारा विझण्याऐवजी भडकायचा, असं म्हणतात. मला विचाराल तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. एवढं दुःख कोंडल्यावर ते कुठून तरी पेटणारच.

शेवटी एका सकाळी ऊन पडलं. ठकू अंगणात आली. तिनं स्वतःच्या हातांनी दगडावर बांगड्या फोडल्या आणि कपाळ पुसलं. आवाज ऐकून माणसं धावली, त्यांत केरबाही होता. ठकू म्हणाली, "धनी झडीतच गेलं माजं. तुमच्या चुली पेटाव्यात म्हनून बोलले न्हाई. आता पेटल्यात. आता माजं सुतक धरा आन त्यांना उचला."

तिला वाटलं होतं, लोक आधी रावजीसाठी रडतील. पण लोक गणित मांडत बसले. आपण कुठल्या दिवशी विस्तव नेला, त्यावर काय शिजवलं, कुणाच्या तोंडात घातलं. केरबाचा चेहरा पांढराफटक पडला, कारण देवापुढचा दिवाही त्याच विस्तवावर लावला होता. त्यानं सांगितलं की या बाईच्या घरचा विस्तव जिथं जिथं गेला, तिथं तिथं पाणी ओता. ऊन पडलंय, ओढा उतरला की पलीकडून नवा आणू. आधी ठकूच्या चुलीत घागर ओतली. मग सगळ्या गावात चुली विझवल्याचा चर्र आवाज झाला. केरबानं देवळातला दिवा विझवला आणि घरी येऊन शेगडीला हात घातला.

अनसा खाटेवरून म्हणाली, "मामंजी, येवढी शेगडी ऱ्हाऊ द्या. पोर गार पडंल."

केरबानं शेगडी उचलून बाहेर पालथी केली. तो दुष्ट नव्हता हो. पोराला मरणापासून वाचवतोय, असंच त्याला वाटत होतं. आमच्या गावाइतकी खुळी माणसं जगात कुठं नसतील.

विस्तव आणायला गेलेली माणसं ओढ्यापर्यंत पोचली नाहीत तोच पुन्हा अंधारून आलं आणि झड पहिल्यापेक्षा जोरानं कोसळू लागली. इकडं लोकांनी रावजीला उचललं. रीतीप्रमाणं घराघरातून माळ्यावरचं कोरडं लाकूड आलं, खांदेकरी आले. विस्तवाचं मडकं तेवढं रिकामं होतं. ज्या बाईनं साऱ्या गावाला विस्तव पुरवला, तिच्या नवऱ्याला द्यायला गावात एक ठिणगी नव्हती. त्याला चिखलात पुरला. अनसाचं पोर त्याच संध्याकाळी तिच्या छातीशी गार पडलं.

त्यानंतर पांगरसोंडच्या एकाही चुलीत विस्तव टिकेना, असं म्हणतात. पलीकडून आणावा, रात्री राखेत पुरावा, आणि सकाळी पाहावं तर राख बर्फासारखी थंड. वर्षामागून वर्षं असंच. ठकूनं तर चूल पेटवलीच नाही. कच्चं पीठ पाण्यात कालवून ती खायची. लोक तिच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे, पण आत कुणी गेलं नाही. काय तोंडानं जाणार?

मग केरबा म्हातारा होऊन मेला. दारात तिरडी बांधली जात होती, आणि पलीकडून आणलेला विस्तव मडक्यात धुमसत होता. तेवढ्यात ठकू आळी उतरून आली. तिच्या हातात गोवरीचा तुकडा होता. ती उंबऱ्याशी उभी राहिली.

"अनसा, इस्तू दे," ती म्हणाली.

"ठकूआत्या, आमच्यात मयत हाय. चूल न्हाई पेटली."

"ठावं हाय. म्हनूनच आले."

अनसानं माणसांकडं पाहिलं. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. तिचे हात उचलेनात. ठकू थोडा वेळ थांबली, मग गोवरी उंबऱ्यावर ठेवून तशीच माघारी वळली.

ती वळणाआड गेली आणि अनसाच्या पोटातलं इतक्या वर्षांचं रडं एकदम वर आलं. तिनं मडक्यातला निखारा गोवरीवर घेतला आणि हाका मारत धावली. ठकूचं घर उघडं होतं, आत कुणी नव्हतं. लोकांनी डोंगर पालथा घातला, कडे धुंडाळले. ठकू कुणाला दिसली नाही, जिवंत ना मेलेली. झडीच्या दिवसात डोंगराच्या सोंडेच्या माथ्यावर अजून धूर दिसतो, असं म्हणतात. मी पाहिलेला नाही. मला वाटतं ती पार दमली होती आणि कुठंतरी कपारीत पडून मेली.

अनसा परत आली. तिनं तोच निखारा मयताच्या घरातल्या चुलीत घातला आणि चूल पेटवली. तिला अडवायला कुणी पुढं आलं नाही. दुसऱ्या सकाळी राख सारली तर खाली लाल निखारा होता.

तेव्हापासून आमच्या गावात मयताच्या घरची चूल विझवत नाहीत. उलट मयत झालं की पहिलं माणूस येतं ते गोवरी घेऊन, विस्तव मागायला. आधी ते, मग रडणं. पाव्हणेरावळे आम्हाला नावं ठेवतात. ठेवोत.

आता गावात उघडी दारं बोटांवर मोजण्याइतकी उरली. परवाच्या माघात आमचे हे गेले. मी चूल पेटवून दाराकडं डोळे लावून बसले होते. बऱ्याच वेळानं खालच्या आळीची यमुना गुडघ्यांवर हात टेकत चढ चढून आली. तिच्या घरी गॅस आहे. चूल तिनं कधीच मोडली. तिनं गोवरी पुढं केली, मी निखारा ठेवला. तो वाटेतच विझला असणार. पण ती खाली तिच्या दारात पोचेपर्यंत मला दिसत होती, आणि तिथवर ती वाकून फुंकर घालत होती.