देवचाराचा वाटा

मालवणच्या अलीकडे, खाडीला लागून एक वाडी आहे. तिथे धाकू नावाचा एक भोळा भाचा राहायचा. भोळा म्हणजे कसा? कोणी 'बस' म्हटलं की बसायचा, आणि 'ऊठ' म्हणायला विसरलं की जेवणही तिथेच मागवायचा.

त्याचे रवळूमामा जन्मभर बोटीवर आचारी होते. निवृत्त होताना त्यांनी बरोबर गुडघेदुखी आणली आणि ओकच्या लाकडाचं एक पिंप आणलं. त्यात पूर्वी व्हिस्की मुरायची. मामांना आता त्यात घरची काळी, कडक बिअर मुरवायची होती.

"धाकू," मामा म्हणाले, "ह्या पिंप नीट सांभाळलंस, तर वैजू तुका दिली."

वैजू म्हणजे मामांची मुलगी. धाकूचा तिच्यावर भारी जीव. वैजूला मात्र कोणी विचारलंच नव्हतं. तिचं लक्ष होतं नारळाचा टेम्पो चालवणाऱ्या अंकुशकडे.

मामांनी भाजलेल्या जवाचं काळंकुट्ट पाणी करून निवत ठेवलं आणि बजावलं, "बिअरीत जी जी वस्तू जातली, ती आधी खळखळून उकळ."

धाकूने नळी उकळली. पळी उकळली. मग यीस्टही उकळलं.

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, यीस्ट जिता असता! जित्या वस्तूक कोण उकळता? तेका साखरपाणी पाज, पांघरूण घाल!"

"बरा, मामा."

दुसऱ्या दिवशी मामीने बाजारातून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पाठवल्या, रश्शासाठी. धाकूने पिशवीत डोकावून पाहिलं. कुर्ल्या जिवंत! त्याने त्यांना साखरपाणी पाजलं आणि मामीच्या नव्या गोधडीत निजवलं. मामी दुपारी जरा आडवी झाली, ती किंचाळतच उठली. एक कुर्ली तिच्या अंगठ्याला लटकत होती.

"अरे, असली वस्तू टोपात घालूची!" मामा ओरडले. "झाकण घट्ट लावूचा, वर पाटो ठेवूचो! डोक्या वर काढूक देव नये!"

"बरा, मामा."

नवं यीस्ट आलं, बिअर आंबायला लागली आणि टोपातून फेसाने डोकं वर काढलं. धाकू तयारच होता. त्याने झाकण दाबलं, दोरीने आवळलं, वर पाटा ठेवला आणि पाट्यावर स्वतः बसला. थोड्या वेळाने मोठा आवाज झाला. अर्धी बिअर कौलांना लागली. धाकू अंगणातल्या गवताच्या उडवीत सापडला, पाट्यासकट.

"आत वारो धरता रे!" मामा रडकुंडीला आले. "काय फुगलेला दिसला, तर वाऱ्याक वाट करून दी!"

"बरा, मामा."

रविवारी पाहुणे आले. मामीने कोंबडी-वडे केले. मामीचे वडे असे टम्म फुगायचे की शेजारणी जळायच्या. पाहुण्यांसमोर टोपली आली तेव्हा प्रत्येक वड्याला दाभणाने भोक पाडलेलं होतं. शेजारीण त्या दिवशी पोटभर हसली.

उरलेली बिअर पिंपात भरायची होती. पिंप सुकलं होतं, म्हणून मामांनी व्हिस्कीची बाटली दिली. "ही आधी पिंपाक पाज. लाकूड पिता ती." धाकूने पाजली. नुसतं पिणं बरं नव्हे म्हणून चकण्याला भाजलेले बोंबीलही आत टाकले. मामांनी ते एकेक करून बाहेर काढले.

पिंप भरलं. चार महिने गेले. एकदा मामांनी आत काठी घालून पाहिली, तर बिअर बोटभर कमी.

"चोर!" धाकू ओरडला.

"चोर नाय रे. लाकडातसून थोडी उडतच असता. बोटीवरचे गोरे म्हणत, ता देवदूताक जाता. आपल्याकडे देवचार, वाडीचो राखणदार. तेचो वाटो तेका जावक व्हयो. तू मधे येव नको."

"बरा, मामा."

पडवीत तांदूळ निवडणारी वैजू हे ऐकून खुदकन हसली.

शेवटी पिंप उघडायचा दिवस ठरला. धाकूने नवा सदरा घातला. मामा-मामी लग्नाचा मुहूर्त काढायला भटजींकडे गेले. भर दुपारी अंगणात टेम्पो थांबला. डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक उंच माणूस उतरला.

"मी देवचार," तो घोंगडीतून म्हणाला. "माझो वाटो न्हेवक इलंय."

धाकू हात जोडून उभा राहिला. "किती?"

"सगळोच."

मामा आले. पाहतात तर धाकू एकटाच पायरीवर, घामाने निथळत बसलेला.

"पिंप खंय रे?"

"देवचार घेवन गेलो. टेम्पोत चढवक मीच हात लावलंय."

मामांनी घरात डोकावून पाहिलं. "आणि वैजू?"

"ती पण वाट्यात होती म्हणे. कपड्यांची पिशवी घेवन फुडे बसली."

"अरे मेल्या! ती तुझी बायल होवची होती! आणि तू नुसतो बघत रवलंस?"

"नुसतो खंय, मामा?" धाकू दुखावला. "टेम्पो चालूच होय नाय होतो. घाटीपर्यंत धक्को मारलंय मी."