परतीची तारीख

“मग हे ठोकळे काढून टाकू ना, बुवा?”

सुखदेवबुवा ओसरीवर बसून गव्हातले खडे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कायले?”

“त्यांची पुस्तकं हरवलीत म्हणून.”

“हरवली? कोणं सांगतलं तुले?”

प्रफुल्ल देवतळे दोन्ही हातांत चार-चार ठोकळे घेऊन तसाच उभा राहिला.

पूर्णेच्या काठच्या आमच्या मठात पुस्तकांची कपाटं आहेत आणि एक जुनी रीत आहे. पुस्तक नेणाऱ्याची सही घेत नाहीत, नावही लिहून ठेवत नाहीत. पुस्तक निघालं की त्याच्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि ठोकळ्यावर पुस्तकाचं नाव घालायचं. पुस्तक परत आलं की ठोकळा उचलायचा.

काही ठोकळे मात्र वर्षानुवर्षं तसेच उभे आहेत.

प्रफुल्ल इथलाच. आईबाप लहानपणीच गेले. शाळेची सगळी वर्षं तो मठात जेवला, मठात झोपला, आणि उत्तरेच्या खिडकीखाली बसून हाती पडेल ते वाचत राहिला. पुढे बुवांनीच त्याला नागपूरला धाडलं. तिथं तो एका मोठ्या ग्रंथालयात सूचीकार झाला. पुस्तकाची नोंद कशी करावी हे आता तो इतरांना शिकवतो. माणूस मोठा झाला आणि मोठ्या माणसांना सवड नसते, तशी त्यालाही नव्हती. कैक वर्षांनी तो या उन्हाळ्यात आला, तो लॅपटॉप घेऊनच.

मठातलं एकूण एक पुस्तक त्यानं नोंदवलं. जगातली ग्रंथालयं ज्या नियमांनी नोंद करतात, त्याच नियमांनी. एक काना इकडचा तिकडे नाही.

“बुवा, ही सूची आज देशाच्या एकत्र सूचीत गेली, की कुठूनही दिसेल. परदेशात कुणी विचारलं, अमुक पुस्तक कुठं आहे, तर उत्तर येईल, पूर्णेकाठच्या मठात.”

बुवांचे हात थांबले.

“आपलं नाव येईन?”

“येईल.”

“लय चांगलं केलं बाप्पा,” बुवा म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. “इथवर सडक नव्हती तवा पुस्तक मांगाले माणसं नदीतून यायची. आता घरूनच इचारतीन.”

“ही माझी गुरुदक्षिणा आहे, बुवा. तुमच्या अन्नावर वाढलो मी.”

बुवा पुन्हा खडे निवडू लागले.

“फक्त हे ठोकळे अडलेत,” प्रफुल्ल म्हणाला. “प्रत्येक पुस्तकाची स्थिती लिहावी लागते. पुस्तक जागेवर आहे, वाचकाकडे आहे, की हरवलं आहे. ते लिहिल्याशिवाय सूची पुढे जात नाही. आज संध्याकाळी पाठवायचीय, आणि हे राहिलं तर सगळीच परत येईल.”

“मंग लिही ना, वाचकाकडं.”

“तसं लिहिलं की परतीची तारीख द्यावी लागते.”

“तारीख इचारून पुस्तक देल्लं नाई कधी.”

“म्हणून तर म्हणतो, हरवलं लिहू द्या.”

प्रफुल्लनं एक ठोकळा पुढे केला. “हे शेळीपालनाचं. कुणी नेलं, आठवतं?”

“पलीकडच्या गावची बाई होती. नवरा सोडून गेलता तिचा.”

“किती वर्षं झाली?”

“लय झाली.”

“मग इतकी वर्षं काय करतेय ती त्याचं?”

“शेळ्या पाळून राहिली असन.”

मी दाराशी पोती शिवत होतो. मला हसू आवरेना. प्रफुल्लनं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि दुसरा ठोकळा काढला.

“हे नक्षत्रांचं. हे तर घोरमाडे मास्तरांनी नेलं होतं, मला पक्कं आठवतं. मास्तर वारले, बुवा. आता तरी ते हरवलं म्हणाल ना?”

“त्याइची पोरगी अमावस्येले गच्चीवर लोक जमवते. तारे दाखवते त्याइले.”

“पण पुस्तक कुठंय?”

बुवांनी हातातला खडा अंगणात टाकला.

प्रफुल्लचा आवाज चढला. गुरूसमोर तो पहिल्यांदाच चढला असावा. “बुवा, जग बदललंय! आता आठवणीवर चालत नाही. नोंद म्हणजे नोंद. जे दिसत नाही, जे परत येत नाही, त्याला एकच शब्द आहे!”

बुवांनी गहू बाजूला सारले.

“बरं,” बुवा म्हणाले. “लिही हरवलं.”

प्रफुल्लनं सुटकेचा निःश्वास टाकला.

“पण एक ठोकळा राहिला तुझ्या मोजण्यातून.”

“शक्यच नाही. मी प्रत्येक कपाट पाहिलंय.”

“कपाटात नाई तो.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. प्रफुल्ल मागोमाग गेला. मीही सुई ठेवून गेलो, खोटं कशाला बोलू.

उत्तरेच्या खिडकीखाली एक बसकर अंथरलेलं असतं. त्यावर एक ठोकळा आहे. आम्ही मठातली माणसं तो रोज पुसतो आणि पुन्हा तिथंच ठेवतो. पंगतीला कितीही गर्दी झाली, तरी त्या जागी पान मांडत नाही. आल्यापासून प्रफुल्लचं डोकं कपाटांत आणि लॅपटॉपमध्ये होतं. जमिनीकडे त्याचं लक्ष कशाला जाईल?

त्यानं वाकून ठोकळा उचलला.

त्यावर पुस्तकाचं नाव नव्हतं. बुवांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रफुल्ल’.

“हा… कधी ठेवला?”

“तू नागपूरले गेला, त्या दिवशी.”

प्रफुल्लनं ठोकळ्यावरून अंगठा फिरवला. शाई पुसट झाली की बुवा तीच अक्षरं पुन्हा गिरवत. एकावर एक चढलेल्या शाईचा थर बोटाला लागत होता.

“पत्रं बंद झाली माझी,” तो म्हणाला. “फोन नाही केला. तरी…”

“याची परतीची तारीख काय होती रे?” बुवांनी विचारलं.

प्रफुल्ल तिथंच खाली बसला. चांगला चाळिशीचा माणूस, पण शाळकरी पोरासारखा रडला. “माझ्यासाठी जगात कुठं जागा राखलेली असेल, असं कधी वाटलं नव्हतं, बुवा,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बुवा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. माझेही डोळे भरून आले.

थोड्या वेळानं त्यानं तोंड धुतलं आणि लॅपटॉप उघडला. ठोकळ्यांच्या सगळ्या पुस्तकांपुढे ‘वाचकाकडे’ असं लिहिलं. तारखेच्या रकान्यात वर्षाच्या जागी चार वेळा नऊ दाबला. ही पळवाट त्याला आधीपासून ठाऊक होती. शिस्तीच्या सूचीकाराला ती शोभत नाही, असं तो विद्यार्थ्यांना सांगत आला होता. यंत्रानं मुकाट्यानं तारीख घेतली, आणि दिवेलागणीला सूची गेली.

“लय दूरची तारीख हाय,” बुवा पडद्याकडे पाहत म्हणाले.

“असू द्या, बुवा.”

मग त्यानं कपाटातले ठोकळे एकेक करून जागच्या जागी ठेवले. प्रत्येकाला हात लावून तो नमस्कार करत होता. शेवटी खिडकीपाशी आला आणि आपल्या नावाचा ठोकळा त्यानं छातीशी धरला. चेहरा उजळला होता.

“हा एक मात्र काढतो आता. मी आलो ना परत!”

बुवांनी तो त्याच्या हातातून घेतला. उपरण्यानं पुसला. वाकून पुन्हा बसकरावर ठेवला.

“राहू दे,” ते म्हणाले. “सकाळच्या गाडीनं चालला ना तू?”