चष्मा पुसला की कागद येतो

एका टेकडीच्या पायथ्याशी एक विद्यापीठ होते. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विश्वंभर टाकसाळे नावाचा एक संशोधक रोज येऊन बसत असे. जुन्या वाटांवरच्या पाणपोया कोणी बांधल्या आणि कोणी चालवल्या, यावर तो प्रबंध लिहीत होता. मुलगा हुशार, मनाने मोकळा, कोणाच्याही मदतीला धावणारा. खोड एकच. 'मला माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नसत. कोणी काहीही विचारो, विश्वंभरकडे उत्तर तयार. एकदा बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याने परीक्षा विभागाचा रस्ता इतक्या ठामपणे सांगितला, की ते बिचारे थेट रोपवाटिकेत जाऊन पोचले आणि परत येताना गुलाबाचे कलम घेऊन आले.

त्या वर्षी ग्रंथालयात नवा प्रिंटर आला. जुना प्रिंटर साधा होता. संगणकावर बटण दाबले की शेजारी कागद बाहेर. हा नवा मात्र कपाटाएवढा, आणि तो ठेवला होता पुस्तकांच्या मांडण्यांमागे, कोपऱ्यात. संगणकावरून पाठवलेला मजकूर त्याच्या पोटात जाऊन गप्प बसे. मग आपण जाऊन यंत्राच्या माथ्यावरच्या काळ्या पट्टीवर ग्रंथालयाचे कार्ड टेकवायचे. कार्ड टेकले की यंत्राला कळे, मालक आला. मग ते कागद सोडी. एकाचे कागद दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून केलेली ही सोय होती.

हे सारे समजावून सांगण्यासाठी ग्रंथपाल तारामती दाभाडे यांनी सत्राच्या सुरुवातीला एक तास ठेवला होता. फलकावर तशी सूचना लावली. ठरल्या वेळी बाई यंत्राशेजारी येऊन उभ्या राहिल्या. दुसरे कोणीही आले नाही.

विश्वंभर तेव्हा कॅन्टीनमध्ये बसला होता. "प्रिंट काढायला काय शिकायचंय?" तो हसून म्हणाला. "उद्या पंखा लावायचाही वर्ग भरवतील!"

सगळे हसले. चहाचा दुसरा कप आला. बाईंचा तास संपला.

पुढे एके दिवशी विश्वंभरला आपल्या प्रबंधाचे एक प्रकरण छापायचे होते. त्याने बटण दाबले आणि यंत्रापाशी गेला. यंत्र गप्प. परत येऊन पुन्हा बटण दाबले. यंत्र गप्पच. असे त्याने किती वेळा केले ते त्याचे त्यालाच ठाऊक. दारापाशी टेबलामागे तारामतीबाई बसल्या होत्या. जाऊन विचारले असते तर काम तिथेच झाले असते. पण विश्वंभरच्या मनात आले, आपण पीएच.डी.चे विद्यार्थी, आणि कागद छापता येत नाही म्हणून विचारायचे? ऐकणारे काय म्हणतील?

मग त्याने स्वतःच उपाय सुरू केले. कागदाचा ट्रे ओढून उघडला, धाडकन बंद केला. काही नाही. यंत्राच्या डाव्या कुशीवर एक थाप मारली. तरी काही नाही. शेवटी दमून त्याने खांद्यावरची शबनम पिशवी काढली, समोरच यंत्राच्या माथ्यावर ठेवली, आणि घामाने धूसर झालेला चष्मा शर्टाच्या टोकाने पुसू लागला.

त्याच क्षणी यंत्र घुरघुरले आणि भराभर कागद बाहेर पडू लागले!

आता खरी गोष्ट अशी होती, की शबनममध्ये त्याचे कार्ड होते आणि शबनम नेमकी काळ्या पट्टीवर टेकली होती. तुम्हाला आम्हाला हे दिसते. विश्वंभरला दिसले नाही. त्याला दिसला तो ट्रे, ती थाप, ती शबनम आणि तो चष्मा. बटण वारंवार दाबले होते, म्हणून प्रकरणाच्या एवढ्या प्रती निघाल्या की हातात मावेनात. आपल्याला इतक्याच हव्या होत्या असा चेहरा करून त्याने त्या सगळ्या शबनममध्ये कोंबल्या.

मागे काही मुले ताटकळत उभी होती. त्यांचेही कागद अडलेले, आणि विचारायची लाज त्यांनाही होतीच. एकाने हळूच विचारले, "दादा, कसं जमवलंत?"

"सोपं आहे," विश्वंभर म्हणाला. "आधी ट्रे उघडून लावायचा. मग डाव्या बाजूला थाप. मग पिशवी माथ्यावर ठेवायची. आणि मग शांतपणे चष्मा पुसायचा."

"चष्मा कशाला?"

"यंत्राला तेवढा वेळ लागतो," विश्वंभर क्षणभरही न अडखळता म्हणाला.

बहुतेकांची कार्डे पिशवीतच असत. त्यामुळे विश्वंभरची पद्धत बहुतेकांना लागू पडली, आणि त्याचे नाव झाले. मुले त्याला 'यंत्रगुरू' म्हणू लागली. ज्यांना चष्मा नव्हता ते मित्राचा मागून आणत, तोही न मिळाला तर कपाळ पुसत. पुढे पुढे पंथही पडले. इतिहासवाले एकच थाप मारत, अर्थशास्त्रवाले दोन. भौतिकशास्त्राच्या एका मुलाने तर थापेमुळे आतला रूळ कसा सैल होतो, हे फळ्यावर आकृती काढून पटवून दिले. एखाद्याचे कार्ड खिशात असले की कागद येत नसे. मग विश्वंभर येऊन म्हणे, "थाप चुकली तुझी." तो बिचारा पुन्हा थाप मारी, पुन्हा चष्मा पुसी, आणि शेवटी कंटाळून गेटाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाई.

असे सगळे मजेत चालले होते. आणि मग गोदाताई खिल्लारे आल्या.

गोदाताई दूरच्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या. मुले मोठी झाल्यावर त्यांनी एम.ए.ला नाव घातले होते. अंगणवाडीतल्या खेळगाण्यांवर त्यांनी लघुप्रबंध लिहिला होता. सुटीच्या दिवशी एसटीने येऊन, ग्रंथालयाच्या संगणकावर एकेक अक्षर शोधत त्यांनी तो स्वतः टाइप केला होता. एम.ए. पूर्ण झाले, तर त्यांना पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. प्रबंध देण्याचा आज शेवटचा दिवस होता आणि कचेरीची खिडकी पाचला बंद होत असे. त्यातून झेरॉक्सवाल्याच्या घरी लग्न, म्हणून दुकानाला कुलूप. ग्रंथालयाचा प्रिंटर हाच काय तो आधार.

चार वाजून गेल्यावर गोदाताईंनी बटण दाबले आणि त्या यंत्रापाशी आल्या. यंत्र गप्प. भोवतालच्या मुलांनी लगेच शिकवले. "ताई, ट्रे. ताई, थाप. पिशवी ठेवा. आता कपाळ पुसा."

गोदाताईंनी सगळे मन लावून केले. कागद आला नाही. येणार कसा? कार्ड हरवू नये म्हणून ताईंनी ते दोरीत ओवून गळ्यात घातले होते, पदराखाली जपून. पिशवीत होती फक्त भाकरी आणि पाण्याची बाटली.

"यंत्रगुरूंना बोलवा!" कोणीतरी ओरडले.

विश्वंभर आला. त्याने ऐटीत बाह्या सरसावल्या. "ताई, परत बटण दाबून या. आणि थाप जरा जोरात मारा."

ताई गेल्या, बटण दाबून आल्या, जोरात थाप मारली. काही नाही. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. त्यांना धाप लागली. भौतिकशास्त्राचा मुलगा म्हणाला, "थापेचा कोन चुकतोय." इतिहासवाला म्हणाला, "मनापासून नाही मारत त्या."

गोदाताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मग त्या विश्वंभरकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या रागावल्या नाहीत.

"जाऊ द्या दादा," त्या म्हणाल्या. "तुमचं काही चुकत नाही. समद्यांना जमतंय, मलाच जमंना. माझ्याच हाताला गुण नाही. या वयात शिकाय निघाले, तितंच चुकलं माझं."

आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. ते पाहून एक मुलगा आशेने म्हणाला, "आता येईल बहुतेक!" यंत्र गप्पच राहिले.

ही बाई स्वतःला दोष देत होती, आणि दोष कोणाचा होता ते तिथे एकट्या विश्वंभरला माहीत होते. यंत्र कसे चालते ते त्याला पहिल्या दिवशीही कळले नव्हते आणि आजही कळत नव्हते. अजून एखादी थाप सुचवता आली असती. यंत्र बिघडले म्हणून हात झटकता आले असते. यंत्रगुरूचा मान तेवढ्याने शाबूत राहिला असता. ताईंचे वर्ष मात्र गेले असते. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तो मांडण्यांमधून धावत निघाला. मागे सगळी मुले. दाराजवळच्या टेबलापाशी तो थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बाई, मला प्रिंट काढता येत नाही. कसं काढतात ते मला माहीतच नाही. मी या सगळ्यांना उगाच काहीतरी शिकवलं. तुम्ही सांगता का? लवकर सांगा, ताईंचे कागद अडलेत."

तारामतीबाई खुर्चीवरून उठल्याच. चष्मा सावरत झपझप यंत्राकडे गेल्या.

"ताई, तुमचं कार्ड कुठाय?"

गोदाताईंनी पदराखालून दोरी ओढून कार्ड काढले. बाईंनी ते काळ्या पट्टीकडे नेले. दोरी आखूड होती, म्हणून ताईंना यंत्रासमोर वाकावे लागले. कार्ड टेकले. यंत्र घुरघुरले. आणि आले कागद! पहिल्या पानावर ठळक अक्षरांत नाव होते: गोदावरी खिल्लारे.

"बस? एवढंच?" गोदाताई म्हणाल्या, आणि रडता रडता हसू लागल्या.

पण बटण किती वेळा दाबले गेले होते! एक प्रत संपली, दुसरी सुरू झाली, मग तिसरी. बाईंनी उरलेले काम थांबवले. मुलांनी पाने लावली, कोणी टाचण्या मारल्या, कोणी पिशवी धरली. विश्वंभरने प्रती उचलल्या आणि ताईंना घेऊन तो कचेरीकडे पळत सुटला. कारकून खिडकीची झडप ओढत होता. विश्वंभरने आपली शबनमच फटीत घातली. कारकुनाने कपाळाला आठ्या घातल्या, प्रबंध घेतला आणि पोच दिली. गोदाताईंनी पोच कार्डाबरोबर पदराखाली ठेवली. मग पिशवीतली भाकरी काढली, तिचे दोन तुकडे केले आणि एक विश्वंभरच्या हातावर ठेवला.

"दादा," त्या म्हणाल्या, "आमच्या अंगणवाडीत पोरं सारखी इचारत्यात, ह्ये काय, त्ये काय. मोठं झालं की बंद का हो होतं त्ये?"

विश्वंभर भाकरी खात राहिला.

परत ग्रंथालयात शिरताना तो दारात घुटमळला. आता सगळे आपल्याला हसणार असे त्याला वाटत होते. पण यंत्राभोवती पाहतो तर वेगळेच दृश्य. तारामतीबाईंना मुलांनी घेरले होते, आणि जो तो विचारत होता.

"बाई, कागदाच्या दोन्ही बाजूंना छापायचं कसं?"

"बाई, चुकून पाठवलेलं रद्द कसं करायचं?"

"बाई, पान आडवं कसं घ्यायचं? जुना प्रिंटर होता तेव्हापासून विचारायचं राहूनच गेलं."

हा शेवटचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या मुलाचा होता.

बाई हसत हसत उत्तरे देत होत्या. विश्वंभरला पाहून म्हणाल्या, "अरे, रोज मांडण्यांमागून थापा ऐकू यायच्या. मला वाटायचं, यंत्राला थोपटतायत, मुलांचा जीव जडलाय त्याच्यावर! कागद निघतायत, म्हणजे येत असेल सगळ्यांना, असं धरून चालले मी. मीही एकदा उठून बघायला हवं होतं."

त्या आठवड्यात बाईंनी पुन्हा एकदा तास ठेवला. या वेळी उभे राहायला जागा मिळेना. सर्वात पुढे विश्वंभर बसला होता.

त्यानंतर नवीन कोणी यंत्रापाशी गोंधळलेले दिसले, की विश्वंभर स्वतः उठून जाई. "मलाही येत नव्हतं," अशी सुरुवात करी, आणि मग कार्ड कुठे टेकवायचे ते दाखवी. कागद बाहेर आले की जुन्या सवयीने यंत्राला एक हलकी थाप मारी.

पुढच्या सत्रात एका पाहुण्या गृहस्थांनी त्याला दारात गाठले. "अहो, परीक्षा विभाग कुठे आहे?"

विश्वंभरचा हात सवयीने वर गेला. मग तो थांबला, हसला आणि हात खाली घेतला.

"मला नक्की माहीत नाही," तो म्हणाला. "चला, आपण दोघं विचारू या."

तात्पर्य: एखादी गोष्ट न येण्यात लाज नाही; पण न येणारी गोष्ट येते असे दाखवले, की आपल्या अज्ञानाचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो. म्हणून वेळेवर विचारावे, आणि मोकळेपणाने विचारावे.