खडकावरचा शेजारी

नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. पाणमांजरं रोज एकाच खडकावर अंग सुकवायला येतात, हे गोमाजी शिकाऱ्याने हेरलं आणि तिथेच लोखंडी सापळा मांडला. कातडी बाजारात गेली, मांस गावात शिजलं. होता होता एक म्हातारी मादी तेवढी उरली. मग एक दिवस व्यापारी म्हणाला, "गोमाजी, कातड्याला आता गिऱ्हाईक नाही." गोमाजी मांडलेला सापळा तसाच टाकून निघून गेला.

म्हातारी मात्र खडकावर येत राहिली. सापळ्यापासून हातभर लांब बसायची.

"जवळ येऊ नकोस बाई," सापळा म्हणाला. "माझा जबडा अजून उघडाच आहे."

"ठाऊक आहे. पण माझ्या पोरांना ओळखणारं तुझ्याशिवाय कोण उरलंय? धाकटा शेवटी काय म्हणाला?"

"तुला हाका मारत होता."

म्हातारी जागेवरून उठली. मग पाण्यात उतरून मासा घेऊन आली. पाणमांजरांत मासा एकट्याने खायची रीत नाही; शेपटाकडचा अर्धा भाग शेजारी बसलेल्याला द्यायचा असतो. तिने मासा तोडला आणि सवयीने अर्धा तुकडा सापळ्याकडे ढकलला.

जबडा खाडकन मिटला. त्यात फक्त मासा होता.

"आता मला उघडायला कोणी येणार नाही," सापळा हळूच म्हणाला.

म्हातारी हातभर पुढे सरकली आणि त्याला टेकून बसली. लोखंड गार होतं, पण ती उठली नाही.